मुंबईचें दान आणि अफूचें ऋण



इतिहासाच्या मास्तराला मुलांच्या साऱ्याच प्रश्नांचीं उत्तरें येतात असें नाहीं. पण कांहीं प्रश्न असे असतात कीं, उत्तर ठाऊक असूनही तो तें देत नाहीं. अशाच एका प्रश्नाची हकीकत सांगून मी आजच्या विषयास आरंभ करतों.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं मुंबईंतील एका शाळेंत मी सातवीच्या वर्गाला इतिहास शिकवीत होतों. पाठ मुंबईच्या जडणघडणीचा होता. फळ्यावर मीं सर जमशेटजी जिजीभाई यांचें नांव लिहिलें आणि त्याखालीं त्यांच्या दानांची यादी मांडली: भायखळ्याजवळचें रुग्णालय, कलाशाळा, त्यांच्या पत्नी आवाबाई यांच्या पैशांतून झालेला माहीमच्या खाडीवरील रस्ता. मुलें निमूटपणें उतरवून घेत होतीं. इतक्यांत दुसऱ्या बांकावरील एका मुलानें हात वर केला आणि विचारलें, "सर, पण एवढा पैसा त्यांच्याकडे आला कोठून?" मीं म्हटलें, "व्यापारांतून." "कसल्या?" हा पुढचा प्रश्न त्याच्या ओठांवर आलेला मला दिसला, आणि मीं घाईघाईनें फळा पुसला.

मीं असें कां केलें याचें कारण थोडें घरगुती आहे. माझे वडील गिरणींत कामाला होते. १९७१ सालीं माझी आई पोटाच्या दुखण्यानें बेशुद्ध पडली, तेव्हां चाळींतील लोकांनीं तिला जे. जे. रुग्णालयांत नेलें. शस्त्रक्रिया झाली. एकोणीस दिवस ती तेथें होती, आणि आमच्याजवळ पैसा नाहीं म्हणून कोणी तिला परत पाठविलें नाहीं. त्यानंतर ती बत्तीस वर्षें जगली. ज्या दारांतून माझी आई जिवंत बाहेर आली, त्या दारावरील नांवाविषयीं कांहीं वेडेंवांकडें बोलणें मला कृतघ्नपणाचें वाटे. आज साठी उलटल्यावर तसें वाटत नाहीं, आणि कां वाटत नाहीं तेंच सांगण्यासाठीं मी नभोवाणीवर आलों आहें.

तो व्यापार अफूचा होता. सगळाच नव्हे. कापूसही जात असे, आणि परतीच्या जहाजांतून चांदी, चहा, रेशीम येत असे. परंतु ज्या काळांत मुंबईचे मोठे शेट मोठे झाले, त्या काळांत चीनला जाणाऱ्या मालांत अफूचें स्थान फार वरचें होतें.

हिंदुस्थानांत ही अफू दोन प्रदेशांत पिके. एक गंगेकांठचा, पाटणा व गाझीपूरकडचा. तेथें १७७३ पासून ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता होता. शेतकऱ्याला आगाऊ रक्कम द्यावयाची, भाव आपणच ठरवावयाचा आणि तयार मालाचा लिलाव कलकत्त्यास करावयाचा, अशी कंपनीची रीत. चीनला अफू नेण्यासाठीं ती स्वतःचीं जहाजें वापरीत नसे; लिलावांत खाजगी व्यापाऱ्यांना माल विकला कीं तिच्या लेखीं पुढच्या पापाशीं तिचा संबंध उरत नसे. दुसरा प्रदेश माळव्याचा. हा मुलूख शिंदे, होळकर आणि इतर लहानमोठ्या संस्थानिकांच्या ताब्यांत असल्यामुळें येथें कंपनीचा मक्ता चालेना. शिंदे-होळकरांचीं नांवें आपण अटक आणि पानिपत यांच्या संदर्भांत मोठ्या अभिमानानें घेतों. अफूवरील जकात त्यांच्या खजिन्यांत पडत होती, हेंही त्याच बखरीचें एक पान आहे.

हिवाळ्याच्या अखेरीस बोंडें भरलीं कीं दुपारनंतर त्यांवर बारीक चिरा पाडीत. रात्रभर चीक पाझरे आणि सकाळीं तो खरवडून घेत. माळव्यांत हा चीक अळशीच्या तेलांत मुरवीत, मग त्याच्या वड्या करून पेट्यांत भरीत. एक पेटी सुमारें ६३ किलोची. उज्जैन, इंदूर, मंदसौर येथील सावकारांनीं शेतकऱ्याला पीक उभें राहण्यापूर्वींच उचल दिलेली असे. म्हणजे चीक त्याच्या शेतांतला, पण पेटी दुसऱ्याची. कंपनीनें प्रथम हा माल अडविण्याचा पुष्कळ खटाटोप केला. तेव्हां तो बैलांच्या आणि उंटांच्या पाठीवरून पोर्तुगीजांच्या दमणला, नाहीं तर राजपुतान्याच्या वाळवंटांतून कराचीला जाऊं लागला. शेवटीं १८३० च्या सुमारास कंपनीनें शहाणपणा केला आणि कर भरून अफू मुंबईवरून नेण्याचे परवाने दिले. १८४३ सालीं सिंध जिंकल्यावर कराचीची वाट बंद झाली. मग काय विचारतां? १८३५ सालीं पेटीमागें १२५ रुपये असलेला कर १८४७ पर्यंत ४०० वर गेला.

या वाटेच्या शेवटीं मुंबई होती. इतिहासकार अमर फारुकी यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाच्या नांवांतच मुंबईला अफूचें शहर म्हटलें आहे. त्यांच्या प्रतिपादनाचा इत्यर्थ असा कीं, बंगालकडच्या अफूचा नफा बहुतांशीं कंपनीच्या पेटींत गेला, तर माळव्याच्या अफूचा मोठा हिस्सा देशी व्यापाऱ्यांच्या हातीं राहिला. आणि मुंबईच्या देशी भांडवलाचा पाया घालण्यांत त्याचा वांटा मोठा होता.

जमशेटजींचें चरित्र तर कादंबरीसारखें आहे. १७८३ सालचा जन्म, लहानपणींच आईबाप गेलेले, मामाच्या हाताखालीं जुन्या बाटल्यांच्या धंद्यांत उमेदवारी, आणि मग चीनच्या सफरी. १८०५ सालीं ते ज्या 'ब्रन्सविक' जहाजावर होते तें फ्रेंचांनीं पकडून आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास नेलें. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नांवाचा तरुण डॉक्टर होता. हाच जार्डिन पुढें चीनच्या किनाऱ्यावरील अफूच्या सर्वांत बड्या पेढीचा मालक झाला आणि जमशेटजी मुंबईहून त्याला माल पाठवूं लागले. जमशेटजींच्या पेढींत मोतीचंद अमीचंद हे जैन आणि महमदअली रोगे हे कोंकणी मुसलमान भागीदार होते. पुढच्या पिढींत बगदादहून आलेल्या ससून घराण्यानें या व्यापारांत आघाडी घेतली. माळव्याच्या टोंकाला मारवाडी आणि गुजराती सावकार होते. तेव्हां या प्रकरणाचें खापर कोणा एका समाजाच्या माथीं फोडूं पाहणाऱ्यानें माझें भाषण येथेंच बंद करावें, हें बरें.

आतां पलीकडच्या किनाऱ्याकडे वळूं. चीनच्या बादशहानें अफूच्या विक्रीवर पहिला मनाई-हुकूम काढला तो १७२९ सालीं. अठरावें शतक संपतां संपतां आयातीवरही बंदी आली. म्हणजे जमशेटजी सोळा-सतरा वर्षांचे होते तेव्हांच चीनमध्यें अफू नेणें हा गुन्हा ठरलेला होता. म्हणूनच मुंबई-कलकत्त्याचीं जहाजें उघडपणें कँटनच्या बंदरांत अफू उतरवीत नसत. नदीच्या मुखाशीं लिंतिन नांवाचें बेट आहे. तेथें नांगरून ठेवलेल्या जहाजांवर तरंगतीं कोठारें होतीं. तेथून चिनी चोरटे व्यापारी वल्ह्यांच्या वेगवान होड्यांतून ती किनाऱ्यावर नेत, आणि वाटेंतल्या अंमलदारांचे हात ओले होत. १८३८-३९ च्या हंगामांत सुमारें ४०,००० पेट्या चीनकडे गेल्या. त्यांत माळव्याचा वांटा निम्म्याच्या आसपास होता.

मार्च १८३९ मध्यें लिन त्से-शू हा बादशहाचा खास अधिकारी कँटनला आला. त्यानें परदेशी व्यापाऱ्यांना त्यांच्याच वखारींत कोंडून २०,००० हून अधिक पेट्या ताब्यांत घेतल्या, आणि जून महिन्यांत हुमेन येथें मोठाले खड्डे खणून, त्यांत पाणी, मीठ व चुना घालून, सारी अफू विरघळवून समुद्रांत सोडली. हें काम तीन आठवड्यांहून अधिक चाललें. काम सुरू करण्यापूर्वीं त्यानें समुद्रदेवतेची पूजा केली; ही घाण आपण तिच्या पाण्यांत सोडणार आहों, तरी जलचरांना तूर्त दूर राहण्यास सांगावें, अशी विनवणी करून तिची क्षमा मागितली. मला हा प्रसंग फार विलक्षण वाटतो. अफूच्या या साऱ्या प्रकरणांत माझ्या वाचनांत कोणी क्षमा मागितलेली आढळली ती येथें; आणि मागितली कोणीं, तर ज्याचा अपराध नव्हता त्यानें, आणि माशांसाठीं!

त्याच लिननें इंग्लंडच्या राणीच्या नांवें एक पत्र लिहिलें होतें. आपल्या लोकांना अपाय होऊं नये अशी काळजी तुम्ही वाहतां, मग तोच अपाय नफ्यासाठीं दुसऱ्यांच्या देशांत कां पाठवितां, असा त्याचा सरळ प्रश्न होता. उत्तर आलें तें तोफांनीं. १८४२ च्या नानकिंगच्या तहांत चीननें हाँगकाँग गमावलें, पांच बंदरें उघडलीं आणि २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर देण्याचें कबूल केलें. त्यांतील ६० लाख डॉलर लिननें नष्ट केलेल्या अफूची किंमत म्हणून होते. मुंबईच्या व्यापाऱ्यांनींही आपल्या बुडालेल्या पेट्यांच्या भरपाईसाठीं अर्जविनंत्या केल्या होत्याच. ज्याच्या घरांत विष नेलें, त्याच्याकडूनच सांडलेल्या विषाची किंमत वसूल झाली. आणि योगायोग पहा: त्याच १८४२ सालीं जमशेटजींना 'सर' ही पदवी मिळाली. हा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ.

असाच उफराटा हिशेब ब्रिटिश पार्लमेंटानें त्याच सुमारास आणखी एके ठिकाणीं केला होता. १८३३ च्या कायद्यानें आपल्या वसाहतींतील गुलामगिरी बंद करतांना त्यानें २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली, ती गुलामांच्या धन्यांना. गुलामांना एक पेनीही मिळाली नाहीं. त्यासाठीं काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश २०१५ सालीं फिटला. म्हणजे गुलामांचाच एखादा वंशज लंडनमध्यें कामावर जात असेल, तर आपल्या पूर्वजाच्या मालकाला दिलेल्या पैशाचें कर्ज तो स्वतःच्या करांतून फेडीत होता. गेलेलें तें गेलें, असें आपण म्हणतों. हिशेबाच्या वह्या तसें म्हणत नाहींत.

आतां आपल्या घरच्या वहीकडे येऊं. जे. जे. रुग्णालयाचा पाया १८४३ सालीं घातला गेला आणि १८४५ सालीं तें सुरू झालें. जमशेटजींनीं दिलेल्या लाखाहून अधिक रुपयांत सरकारनें आपली भर घातली. त्याला लागूनच ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय निघालें, आणि त्याच्या पहिल्या तुकडींतून १८५१ सालीं भाऊ दाजी लाड डॉक्टर होऊन बाहेर पडले. १८५७ सालीं सुरू झालेल्या कलाशाळेंतून महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यासारखे चित्रकार निघाले. पुण्याच्या श्रोत्यांनीं आपण यांतून सुटलों असें समजूं नये. बंडगार्डनला ज्या बंधाऱ्यावरून तें नांव पडलें तो बंधारा जमशेटजींच्या दानाचा, आणि ससून रुग्णालय डेव्हिड ससून यांच्या. ज्याला यांपैकीं कोणत्याही संस्थेची पायरी चढावी लागली नाहीं, त्याचेंही नांव वहींत आहे. कारण १८८० च्या सुमारास हिंदुस्थान सरकारच्या उत्पन्नाचा जवळजवळ सातवा हिस्सा अफूचा होता, आणि त्याच तिजोरींतून रस्ते, कचेऱ्या व शाळा चालत होत्या. आपण मराठी सुशिक्षित मंडळी त्या शाळांतून शिकून त्या कचेऱ्यांत बसलों. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९०७ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर बोलतांना स्पष्ट सांगितलें होतें कीं, चिनी लोकांच्या अधःपातांतून येणाऱ्या या उत्पन्नाचा विचार मनांत आला कीं आपल्याला खोल अपमान वाटतो. हिंदी प्रजेवरचा कर कमी व्हावा म्हणून आयुष्यभर झगडणारा तो माणूस. हा एक महसूल बुडाला तरी चालेल असें तो म्हणत होता.

या विषयावर मीं मित्रमंडळींत बोलून पाहिलें आहे, आणि कांहीं आक्षेप ठरलेले येतात. पहिला असा कीं, त्या काळीं अफूंत कोणी वावगें मानीत नव्हतें. यांत थोडें तथ्य आहे. इंग्लंडांत अफूचा अर्क औषधांच्या दुकानांत सहज मिळे. आमच्या गिरणगांवांतसुद्धां बाया तान्ह्या लेकरांना अफूची बाळगोळी चाटवून पाळीला जात; माझी आजीच हें सांगे, आणि सांगतांना तिचा आवाज खालीं येई. पण औषध म्हणून अफू घरांत असणें वेगळें, आणि ज्या राज्यांत तिला बंदी आहे तेथें ती चोरून जहाजें भरभरून नेणें वेगळें. शिवाय कोणीच वावगें मानीत नव्हतें हेंही खरें नाहीं. दादाभाई नौरोजी मुंबईचेच, जमशेटजींच्याच समाजाचे, त्यांच्याहून बेचाळीस वर्षांनीं लहान. १८५५ सालीं ते कामा यांच्या पेढीचे भागीदार होऊन लंडनला गेले; अफू आणि मद्य यांच्या नफ्यांत आपल्याला वांटा नको ही त्यांची भूमिका होती, आणि तीन वर्षांत ते त्या पेढींतून बाहेर पडले. १८८१ सालीं विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या रवींद्रनाथांनीं चीनमधील या व्यापारावर बंगालींत लेख लिहिला, आणि त्याच्या मथळ्यांतच या धंद्याला मरणाचा व्यापार म्हटलें. दिसत होतें, ज्याला पाहावयाचें होतें त्याला दिसत होतें.

दुसरा आक्षेप अधिक गोड आहे. म्हणतात, हें सारें पाप इंग्रजांचें. आपण तर गुलाम. गाझीपूरच्या शेतकऱ्यापुरतें हें खरें आहे. माळव्याच्या शेतकऱ्यापुरतेंही बरेचसें खरें आहे. मुंबईच्या पेढीपुरतें मात्र तें अर्धेंच खरें आहे, कारण त्या पेढीवर अफू विकण्याची सक्ती कोणीं केलेली नव्हती. इंग्रजांनीं आपल्याला किती लुटलें याचा हिशेब आपल्या पिढीनें पाठ केला, आणि तो करावयासच हवा होता. पण त्याच वहीच्या उलट बाजूला आपल्या नांवावरचें येणें नसून देणें लिहिलेलें आहे, तें पान आपण उलटीत नाहीं. अर्थात् चीनच्या साऱ्या विनाशाला हीच जहाजें कारण झालीं असेंही मी म्हणत नाहीं. पुढें पुढें चीनमध्येंच अफूची लागवड एवढी वाढली कीं आयात तिच्यापुढें थोडी ठरली. पहिली संवय लावणाऱ्याचा दोष त्यामुळें कमी होतो का, हें ज्यानें त्यानें ठरवावें. मला तरी तो कमी झाल्यासारखा वाटत नाहीं.

तिसऱ्या आक्षेपानें मात्र मला फार दिवस निरुत्तर केलें होतें. तो असा: त्या माणसानें मिळविलेलें गोरगरिबांना वांटलें; याहून अधिक त्यानें काय करावयाचें? मी यावर बराच विचार केला, आणि माझ्या ध्यानांत आलें कीं, दानाविषयीं शंका घेण्याचें येथें कारणच नाहीं. दान खरें होतें. माझी आई त्याची साक्षीदार आहे. अडचण पत्त्याची आहे. ज्याचें नुकसान झालें तो कँटनच्या मागच्या गल्लींत पडला होता, आणि पैसे पोंचले भायखळ्याला. एकाचें देणें दुसऱ्याला दिलें तर घेणाऱ्याचें भलें होतें, पण पहिल्याचें खातें बंद होत नाहीं. आणि ज्याला तें चुकून मिळालें, त्याला तें आपलें नव्हे हें कळल्यावर त्याच्याकडेही कांहीं लागतें कीं नाहीं? तो चुकून मिळालेला पैसा म्हणजे मी आहें. माझ्या आईचीं ती बत्तीस वर्षें आहेत.

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं यासारख्या प्रश्नाचा फार बारकाईनें विचार केला होता. बापाचें ऋण मुलानें फेडावें हा नियम, पण द्यूत, मद्य आणि व्यभिचार यांपायीं केलेलें बापाचें ऋण मुलावर बंधनकारक नाहीं, असा त्याला याज्ञवल्क्यानें अपवाद सांगितला. पाप ज्याचें त्याचें; तें वारशानें येत नाहीं. परंतु त्याच स्मृतींत दुसराही नियम आहे: जो मयताची मालमत्ता घेईल, त्यानें त्याचें ऋणही फेडावें. इंग्रजी अमदानींतील न्यायालयें या पुत्रधर्माचा कीस काढीत राहिलीं, आणि शेवटीं २००५ च्या दुरुस्तीनें आपल्या कायद्यांतून तो गेला. तो गेला हें बरेंच झालें. तरी हे दोन नियम शेजारीं ठेवले म्हणजे माझ्या प्रश्नाचें जवळजवळ उत्तर मिळतें. जमशेटजींचा अपराध माझा नाहीं. मी त्यांच्या कुळांतला नाहीं, आणि असतों तरी नसता. पण मालमत्तेचा एक तुकडा माझ्या घरांत आला आहे. तेवढ्या तुकड्यापुरतें ऋणही आलें आहे.

तें फेडावयाचें कसें? अमेरिकेंतील जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या चालकांनीं १८३८ सालीं कर्ज फेडण्यासाठीं २७२ गुलाम विकले होते. २०१६ सालीं विद्यापीठानें तें जाहीरपणें मान्य केलें आणि त्या गुलामांच्या वंशजांना प्रवेशांत अग्रक्रम देण्याचें ठरविलें. तेथें नांवांची यादी होती, वंशज सांपडले. लिंतिन बेटावरून गेलेल्या पेट्या कोणाच्या फुफ्फुसांत गेल्या याची यादी कोठेंच नाहीं. म्हणून पैशानें फेड होण्यासारखी ती राहिलेली नाहीं.

कांहीं तरुण मंडळी म्हणतात, त्या इमारतींवरचीं नांवें काढून टाका. मी त्याच्या विरुद्ध आहें. पुसलेल्या फळ्याचा अनुभव मला आहे. नांव राहावें, त्याच्या खालीं, पैसा कोठून आला याची एक ओळ यावी. रुग्णालयाच्या दगडावर यावी, शाळेच्या पुस्तकांत यावी. जमशेटजींचीं व्यापारी पत्रें मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आहेत आणि जार्डिनच्या पेढीचे कागद केंब्रिजच्या ग्रंथालयांत. म्हणजे कोणीं कांहीं लपविलें आहे असें नाहीं. जें विद्वानांना ठाऊक आहे तें सातवीच्या वर्गापर्यंत पोंचत नाहीं, एवढेंच, आणि तें मध्येंच अडविणारे माझ्यासारखे मास्तर आहेत.

आपण आपल्या मुलांना चीनला गेलेल्या आपल्या माणसाची गोष्ट सांगतों ती डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांची. सोलापूरचा हा तरुण १९३८ सालीं पांच डॉक्टरांच्या पथकांतून युद्धांत होरपळणाऱ्या चीनला गेला आणि १९४२ सालीं तेथेंच वारला. तो कांहीं अफूचें ऋण फेडावयास गेला नव्हता. काँग्रेसनें आवाहन केलें आणि तो गेला. ती गोष्ट अवश्य सांगावी. परंतु त्याच्या आधीं शंभर वर्षें मुंबईहून त्याच किनाऱ्याकडे जीं जहाजें जात होतीं, त्यांची गोष्ट तिच्या आधीं सांगावी. नाहीं तर मुलांना वाटतें कीं आपण चीनला आजवर फक्त डॉक्टरच पाठविले.

यांत मी स्वतःला वर बसवून बोलत नाहीं. माझें निवृत्तिवेतन ज्या सरकारी तिजोरींतून येतें तींत दारूवरच्या कराचाही पैसा पडतो, आणि दर महिन्याला पासबुकावर आंकडा उमटला कीं मी चष्मा लावून फक्त तो आंकडा पाहतों. नीमच-मंदसौरकडे आजही सरकारी परवान्यानें अफू पिकते, तिच्यावर तेथें आणि गाझीपूरच्या जुन्या कारखान्यांत प्रक्रिया होते, आणि त्यांतून निघणारें औषध असह्य वेदनेंत माणसाला झोंप देतें. वनस्पतीचा कधींच दोष नव्हता.

तो दुसऱ्या बांकावरचा मुलगा आतां पन्नाशीच्या जवळ आला असेल. त्याचें नांव मला आठवत नाहीं. त्याचा वर केलेला, शाईनें माखलेला हात तेवढा आठवतो. तो आज कोठें तरी हें ऐकत असला, तर त्याचें उत्तर त्याला देऊन मी आपली रजा घेतों. बाळ, तो पैसा पुष्कळसा अफूचा होता. ती अफू माळव्यांत पिकली, मुंबईहून जहाजांत चढली आणि चीनला गेली. तेथें ती नेण्यास बंदी होती, आणि नेणाऱ्यांना तें ठाऊक होतें. त्या पैशाचें पुढें रुग्णालय झालें, आणि त्यांत माझी आई वांचली.